पाहिलेले पाणी

सह्याद्रीच्या एका उंच डोंगरधारेच्या पायथ्याशी, करवंदीच्या दाट जाळीत, एक मुंगूस राहत असे. दिसायला ते चारचौघा मुंगसांसारखेच होते. पण त्याचे नाक त्याच्या पुढे चार उड्या धावत असे. दगड दिसला की त्याच्याखाली कोण आहे ते त्याला पाहायचे असे. वारूळ दिसले की आत काय चालले आहे ते हवे असे. आणि कुणी काही सांगितले की, "हे तुम्हाला कसं कळलं?" असे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याच्या आईने तर हात टेकले होते. "सगळ्या रानाने सूर्य उगवला म्हटलं, तरी तू बाहेर डोकावून बघशील," ती म्हणायची. "बघेनच की," मुंगूस म्हणायचे. "तेवढीच सकाळची हवा लागते."

उन्हाळा चढला की पायथ्याचा ओढा आटायचा आणि रानातले प्राणी वरच्या पठाराकडे निघायचे. पठारावर एक मोठे तळे होते. ते कधी आटत नसे. पण वाट लांबची होती, आणि सगळी चढाची. निम्म्या वाटेवर एक ऐसपैस गुहा होती. तिथे गार सावली होती आणि छताच्या भेगेतून थेंब थेंब पाणी ठिबकायचे. जीभ ओली होईल, तहान भागणार नाही, इतकेच. या गुहेपासून दोन वाटा फुटत. एक उघड्या कातळावरून, जवळची. त्या वाटेवर जुन्या काळी माणसांनी खडकात खोदलेले पाण्याचे टाके होते. दुसरी वाट घळीतून वळसे घेत जायची. ती लांबची, पण झाडीतली होती, आणि तिथे पूर्वी एक झरा वाहत असे. मुलांनो, अशा ठिकाणी वाटसरूला एकच गोष्ट कळायला हवी असते : पुढे पाणी कुठे आहे?

आता या गुहेची एक रीत होती. निघणाऱ्या वाटसरूला कोरडा निरोप द्यायचा नाही. फार पूर्वी म्हणे कुणीतरी एका थकलेल्या सांबराला "पुढे काही खरं नाही" असे सांगितले आणि ते जे मटकन खाली बसले ते उठलेच नाही. तेव्हापासून ठरले की पुढच्या पाण्याबद्दल विचारले, तर चांगलेच बोलायचे. गुहेच्या तोंडाशी बसणारा म्हातारा वानर ही रीत डोळ्यांत तेल घालून सांभाळत असे. "शुभ बोलावं, शुभच होतं," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायचा.

त्या वर्षी मुंगूस पहिल्यांदाच पठाराकडे निघाले होते. गुहेत पोचले तेव्हा ऊन ऐन माथ्यावर होते. आत एक ससा पाय पसरून पडला होता. एक साळिंदर कोपऱ्यात घोरत होते. सर्वांत गार जागा पकडून एक कोल्हा मिशा साफ करत बसला होता. मुंगसाने रीतसर सगळ्यांचा वास घेतला. कोल्ह्याच्या पायांशी त्याचे नाक जरा जास्तच रेंगाळले.

"काय रे, पाया पडतोस की पाय खातोस?" कोल्हा खेकसला आणि त्याने पाय पोटाखाली ओढून घेतले.

तेवढ्यात एक भेकर आई आत आली. भेकर म्हणजे कुत्र्यासारखे भुंकणारे छोटे हरीण. तिच्यामागे तिचे पाडस होते. त्याचे पाय काटक्यांसारखे लटपटत होते आणि नाक कोरडे पडले होते. ठिबकणाऱ्या थेंबाखाली आईने त्याला उभे केले. पाडस जीभ काढून थेंबाची वाट पाही, थेंब पडे, आणि ते आईकडे बघे, जणू 'एवढंच?'

"याच्या अंगात आता एकाच चढाचं बळ उरलंय," ती वानराला म्हणाली. "ऊन कललं की निघेन म्हणते. पण वाट चुकली तर याला परत आणता यायचं नाही. आजोबा, कातळावरच्या टाक्यात पाणी आहे ना?"

"आहे तर!" वानर म्हणाला.

"काठोकाठ!" ससा पडल्यापडल्याच म्हणाला.

"आणि गार," कोल्ह्याने भर घातली.

"गोडसुद्धा," साळिंदर झोपेतून जागे होत पुटपुटले आणि पुन्हा कुशीवर वळले.

भेकर आईचा जीव भांड्यात पडला. पण मुंगसाचे नाक वळवळू लागले. "ससेभाऊ," ते म्हणाले, "त्या पाण्यावर शेवाळ होतं का हो?"

"मला काय ठाऊक?"

"म्हणजे तुम्ही प्यायला नाहीत?"

"मी कशाला पिऊ? मी खालून आलोय. मला कोल्होबांनी सांगितलं."

मुंगूस कोल्ह्याकडे वळले. "कोल्होबा, तुम्ही पाहिलंत?"

"कोल्ह्याची उलटतपासणी घेतोस?" कोल्हा म्हणाला. "मला या साळिंदराने सांगितलं. तो धारेच्या बाजूचा आहे, त्याला माहीत असणारच."

साळिंदराला काटे धरून तर उठवता येत नाही. मुंगसाने त्याच्या कानात फुंकर मारली. "साळिंदरदादा, टाक्यातलं पाणी गोड आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्या सशाने," साळिंदर म्हणाले. "सकाळीच. का? आटलं की काय?"

सशाने कोल्ह्याकडे पाहिले, कोल्ह्याने साळिंदराकडे आणि साळिंदराने सशाकडे.

"बरं मग," वानर घसा खाकरून म्हणाला, "तिघे तिघे सांगताहेत. तिघांचं खोटं कसं असेल?"

"आजोबा, तिघे नाहीत हे," मुंगूस म्हणाले. "बातमी एकच आहे. ती या तिघांत गोल गोल फिरतेय. तिचं शेपूट तिच्याच तोंडात आहे!"

"आगाऊ कुठला!" वानर चिडला. "त्या माउलीचं मन खचवतोस? इथली रीत आहे, शुभ बोलावं!"

"मी अशुभ कुठे बोललो? मी नुसतं बघून येतो म्हणतोय." आणि भेकर आईला ते म्हणाले, "ताई, ऊन कलेपर्यंत तुम्ही थांबणारच आहात. मी पळत जातो. आलो नाही, तर तुमच्या मनाला येईल ते करा."

"जा, जा," कोल्हा हसला. "भरलेलं टाकं भरलंय असं सांगायला एवढी पायपीट! हौसच म्हणायची."

कातळ तव्यासारखा तापला होता. मुंगूस एका कपारीच्या सावलीतून दुसऱ्या कपारीच्या सावलीत उड्या मारत गेले. जाताना त्याच्या डोक्यात प्रश्नांची मुंग्यांसारखी रांग लागली होती. पाणी असेल तर मधमाश्या का दिसत नाहीत? चतुर का उडत नाहीत? पाणी असेल तर पाखरे तिकडे जायला हवीत. मग ती या धारेवर न थांबता सरळ पलीकडे का निघून जाताहेत? टाके दिसायच्या आधीच उत्तर त्याच्या नाकाशी आले होते. वाऱ्याला नुसता धुळीचा वास होता.

तरी ते काठापर्यंत गेले आणि वाकून पाहिले. वास घेणे वेगळे आणि पाहणे वेगळे. टाक्याच्या तळाशी चिखल वाळून भेगाळला होता आणि त्याचे पोपडे भाजलेल्या पापडासारखे कडांना वर वळले होते. त्या चिखलात खुरांचे ठसे होते, दगडासारखे कडक झालेले. कुणीतरी असेच शुभ बोल ऐकून इथवर आले होते, तळापर्यंत उतरले होते. पुढे त्याचे काय झाले, ते ठशांवरून कळत नव्हते. मुंगसाला पहिल्यांदाच एखाद्या प्रश्नाचे उत्तर नकोसे वाटले. ते मागे फिरले आणि पाय पोळताहेत याची पर्वा न करता धावत सुटले.

इकडे ऊन कलले होते. वानर भेकर आईला म्हणाला, "निघ बाई आता. ते मुंगूस कुठल्या तरी बिळात नाक खुपसून बसलं असेल." पाडसाला पुढे घालून ती कातळाच्या वाटेला लागलीच होती, तेवढ्यात समोरून धुळीचा एक लोळ आला आणि त्यातून मुंगूस.

ती थांबली. तिच्या डोळ्यांत केवढी आशा होती! गुहेच्या तोंडाशी सगळे जमले होते आणि वानर तर मान हलवून खुणावत होता : चांगलं बोल, चांगलं. 'आहे' म्हणणे किती सोपे होते! सगळे खूश झाले असते, ती टाक्यापाशी पोचेपर्यंत तरी. मग त्याला चिखलातले ते खुरांचे ठसे आठवले.

"ताई," ते म्हणाले, "टाकं कोरडं आहे. मी पाहिलंय."

पाडस आईच्या पोटाशी बिलगले. वानराने कपाळाला हात लावला. "शेवटी बोललासच! आता ही बसली, की उठायची नाही."

आणि खरोखरच तिचे गुडघे वाकू लागले. "घळीतल्या झऱ्याचं काय रे?" तिने क्षीण आवाजात विचारले.

"ते मला ठाऊक नाही, ताई," मुंगूस म्हणाले. "तो मी पाहिलेला नाही." पण असे म्हणता म्हणता त्याचे नाक पुन्हा वळवळले. दुपारी याच नाकाने कुणाच्या तरी पायांशी काहीतरी हुंगले होते. काळी माती. कुजलेल्या पानांची. आणि ओली! कातळावर अशी माती नाही, पायथ्याचा ओढा तर केव्हाच आटलेला. मुंगूस ताडकन कोल्ह्यासमोर जाऊन उभे राहिले. "कोल्होबा, जरा पाय दाखवता का?"

"का? कशाला?" कोल्हा मागे सरकला.

"तुमच्या पायांना घळीतला चिखल आहे. आज सकाळी तुम्ही तिथे पाणी प्यायलात!"

सगळे कोल्ह्याकडे बघू लागले. कोल्ह्याने आधी आकाशाकडे पाहिले, मग मिशा फेंदारल्या, मग त्या आपोआप खाली झुकल्या. "प्यायलो," तो म्हणाला. "पण त्याला काय पाणी म्हणायचं? झरा कधीच आटला. खडकाखाली एक डबकं उरलंय. गढूळ, वर पानं कुजलेली. बेडकांशेजारी बसून, डोळे मिटून प्यायलो. माझ्यासारख्याने असल्या डबक्यात तोंड घातलं हे काय चारचौघांत सांगू? आणि आजोबांची तर रीतच आहे. चांगलं तेवढंच बोलायचं. यात चांगलं काय होतं?"

"पोटभर प्यायलात का?" मुंगसाने विचारले.

"पोटभर प्यायलो. अजून चौघांना पुरेल."

"अहो, मग सांगायचं नाही का!" भेकर आई म्हणाली. आणि मुलांनो, वानर बघतच राहिला, कारण ती उठून उभी राहिली होती. कोरड्या निरोपाने जिचे गुडघे वाकले होते, तिला गढूळ निरोपाने बळ आले होते. "खडक कुठल्या हाताला?" तिने विचारले.

"डाव्या. उंबराच्या मुळाशी," कोल्हा म्हणाला, आणि मग जरा लाजून, "वरची पानं नाकाने बाजूला सार. खालचं पाणी त्या मानाने बरं आहे."

ती पाडसाला घेऊन घळीच्या वाटेने उतरली. मुंगूसही तिच्या मागून गेले. पोचवायला म्हणून नव्हे, तर डबके स्वतः बघायला! पाडसाने पाने बाजूला सारली, तोंड खुपसले, आणि मान वर केली तेव्हा त्याच्या नाकावर चिखलाचा ठिपका आणि एक अतिशय रागावलेला बेडूक होता.

दोन सकाळी उलटल्यावर वरच्या पठाराकडून भुंकण्याचा आवाज आला. आधी एक भारदस्त, मग त्याच्यामागे एक किरटा, अजून नीट न जमलेला. गुहेतला म्हातारा वानर बराच वेळ कान देऊन ऐकत राहिला. मग घळीकडून येणाऱ्या एका उदमांजराने त्याला नमस्कार केला, तेव्हा तो नेहमीसारखे 'शुभ बोल' म्हणणार होता, पण त्याने ते शब्द गिळले आणि विचारले, "पाणी पाहिलंस का रे बाबा? की नुसतं ऐकलंस?"

"पाहिलं, आजोबा. डबकं अजून आहे, पण थोडंच. उद्यापर्यंत पुरेल, पुढचं सांगता येत नाही."

"वा," वानर म्हणाला. "किती शुभ बोललास!"

तात्पर्य : ऐकलेले सांगताना 'ऐकले' म्हणावे आणि पाहिलेले सांगताना लाजू नये; न पाहिलेल्या भरल्या टाक्यापेक्षा पाहिलेले गढूळ डबके वाटसरूचा जीव वाचवते.