रायनाकाची नाव आणि एक फळी

ही गोष्ट पूर्ण सांगू नकोस, असं काकांनी मला बजावलंय. अर्धी सांगायला हरकत नाही. ती तर दरवर्षी याच घाटावर ढोल वाजवून सांगतात. उरलेली अर्धी घरातच ठेवायची, असं ठरलेलं आहे. पण तुम्ही लांबून आलात, नाव सुटायला वेळ आहे, आणि अर्धीच ऐकून गेलात तर तुम्हाला वाटेल की सगळं चांगलंच झालं. म्हणून सांगते.

फार वर्षांपूर्वी, या नदीवर पूल नव्हता तेव्हा, पलीकडे जायच्या दोन रीती होत्या. गावकुसाच्या आतले लोक नावेतून जायचे. गावकुसाबाहेरचे सांगडीवरून. सांगड म्हणजे वाळलेले भोपळे काथ्यानं एकत्र बांधून केलेला तराफा. त्यावर छातीनं पडायचं, पायांनी पाणी मारत पलीकडे जायचं आणि ओल्या कपड्यांनी दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायचं. त्याची मजुरी नव्हती. ती वेठ होती.

या सांगडी रायनाक बांधायचा. असं म्हणतात, की भोपळ्यावर टिचकी मारून तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, हा किती जणांना तारील.

त्या काळी राज्यात दोन सख्ख्या भावांचं युद्ध पेटलं. थोरल्याला जुनं सगळं तसंच हवं होतं, वेठसुद्धा. धाकट्याकडे माणसं कमी होती. त्यानं दवंडी पिटवली, की गावकुसाबाहेरचे लोक माझ्या बाजूनं उभे राहिले तर त्यांची वेठ बंद, आणि यापुढं घाट एक, नाव एक. रायनाकनं दवंडी ऐकली तेव्हा तो नुकताच नदीतून वर आला होता. त्याची चार वर्षांची तुळसा पाठीवर कुडकुडत होती. ही पोर कोरड्या कपड्यांनी पलीकडे जावी, एवढंच त्याच्या मनात आलं.

मग पूर आला. थोरल्यानं सगळ्या नावा फोडून टाकल्या. रायनाकनं तीनशे सांगडी बांधल्या आणि वस्तीतल्या बायामाणसांनी धाकट्याची अख्खी फौज पुरातून पार केली. असं म्हणतात, की तीन दिवस रायनाक पाण्याबाहेर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी नदीलाच त्याची दया आली आणि ती घोट्याएवढी झाली. थोरला हरला. धाकटा राजा झाला. तो स्वतः या घाटावर आला, नवी नाव रायनाकच्या हवाली केली आणि त्या उंबराखाली बारा शिपायांची चौकी बसवून गेला.

इथवरची गोष्ट ढोलावर सांगतात.

त्यानंतर सात वर्षं ती नाव तशीच चालली. जो आधी येईल तो आधी चढायचा. कुणी कुठं बसायचं ते रायनाक वजन बघून सांगायचा. जड माणूस मधे, हलका कडेला.

"पाटील, मधे या," तो गुंडोजी पाटलांना म्हणायचा. पाटील चांगले दोन माणसांएवढे होते.

"म्हणजे मी कुठं बसायचं ते आता तू सांगणार?"

"मी नाही, नदी सांगते. तुम्ही कडेला बसलात तर सगळ्यांनाच पोहावं लागंल."

नाव हसायची. पाटील हसायचे नाहीत. तुळसा पुढच्या टोकाला बसून कोरडा परकर गुडघ्यांवर पसरायची. नावेची डागडुजी भिवा सुतार करायचा. तो गावकुसाच्या आतला, पण रायनाकचा दोस्त. दोघं एकाच चंचीतलं पान खायचे.

मग एकाएकी काय बिघडलं, असं विचाराल, तर एकाएकी काहीच बिघडलं नाही. राजाला घाटांच्या तक्रारी ऐकायचा कंटाळा आला. बारा शिपायांचे सहा झाले, सहाचे दोन. मग दोघा भावांचा समेट झाला. थोरल्याच्या मुलीशी धाकट्याच्या मुलाचं लग्न ठरलं, आणि लग्नाच्या बोलणीत थोरल्यानं एकच गोष्ट मागितली, की ज्या गावाचा घाट त्याच गावानं सांभाळावा. रायनाकला कुणी विचारलं नाही. उरलेले दोन शिपाईही वरातीबरोबर निघून गेले.

गुंडोजी पाटील हुशार होते. नाव परत द्या, असं ते म्हणालेच नाहीत. ते म्हणाले, नावेत मधे एक फळी आडवी ठोका. आतले फळीच्या पुढे, बाहेरचे मागे. नाव एकच आहे की.

फळी घेऊन भिवा आला.

"भिवा, ही कशाला?"

"अरे, एक फळीच तर आहे राया. तुझी माणसं नावेतच बसणार ना? मला उद्या गावात राहायचंय."

"मलापण राहायचंय," रायनाक म्हणाला.

भिवानं खाली मान घालून खिळे ठोकले. घाटावर तेव्हा शंभर माणसं उभी होती. सगळी सात वर्षं त्याच नावेत मांडीला मांडी लावून बसलेली. कुणीही ब्र काढला नाही. लोक म्हणतात, पाटील वाईट होते. होतेच. पण पाटील एकटे होते.

आता फळीनं नावेचं वजन बिघडलं. जड माणसं सगळी पुढं, हलकी मागं. रायनाकनं सांगून पाहिलं, पण ऐकतो कोण? पहिल्याच खेपेला मधल्या धारेत नावेनं नाक खाली घातलं आणि ती उलटली. असं म्हणतात, की रायनाकच्या हाकेसरशी काठावरचे भोपळे आपले आपण पाण्यात उतरले आणि एकेका माणसाच्या काखेत शिरले. तेवीस माणसं होती, तेवीसही वाचली. पाटलांना तीन भोपळे लागले.

गावानं रायनाकला शाल दिली, नारळ दिला. नाव ओढून काढली. फळी वाहून गेली होती. दुसऱ्या दिवशी भिवानं नवी ठोकली.

ती फळी बघून रायनाकनं वल्हं खाली ठेवलं. शाल घडी करून त्या फळीवर ठेवली. तुळसाला म्हणाला, "चल." त्यानं एकच मोठी सांगड पाण्यात सोडली आणि दोघं तीवर उभी राहिली. असं म्हणतात, की ती सांगड धारेच्या उलट, वरच्या अंगाला गेली, आणि दिसेनाशी होईपर्यंत तुळसाच्या परकराला पाण्याचा थेंब शिवला नाही.

फळी मात्र दरवर्षी वीतभर मागं सरकत गेली. शेवटी तिच्यामागं बसायला जागाच उरली नाही. बाहेरचे लोक पुन्हा भोपळ्यांवर आले, आणि वेठही पाठोपाठ आली. पुढच्या तीन पिढ्या ओल्या कपड्यांनी राबल्या.

आता पूल आहे. तरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रायनाकच्या नावानं ही नाव सुटते. दोन्ही अंगांना भोपळे बांधतात. आधी येईल तो आधी चढतो, जड माणूस मधे बसतो, आणि सरपंचांनाही तसंच उठवतात. नावेत एक फळी आडवी ठोकलेली असते. ती उपटल्याशिवाय नाव सुटत नाही. तो मान सुतारांच्या घराचा. मान, असं गाव म्हणतं. आमच्या घरात त्याला काहीच म्हणत नाहीत. अंबुरानं खिळे उपटतात आणि गप्प घरी येतात.

यंदा पाळी माझी आहे. शाळेत हजेरी देतानाही माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नाही. पण आज पहिला खिळा निघाला की मी मोठ्यानं सांगणार आहे, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं, की ही फळी पाटलांनी नाही ठोकली, ही ठोकली आमच्या

"रेवे, अगं अंबूर घेऊन ये लवकर. सगळे बसलेत, तुझ्यावाचून नाव अडलीय."