धुकेरीची अर्धी शीळ

एकदा एका डोंगरमाथ्यावर, जिथे वर्षातले बहुतेक दिवस ढग जमिनीला टेकलेले असत, एक वृद्ध वाटाड्या राहत असे. दूरदूरचे लोक दुर्बिणी गळ्यात अडकवून त्याच्याकडे येत आणि तो त्यांना दिवसभर रानात हिंडवून पक्षी दाखवीत असे. दाखवीत असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. त्या धुक्यात दहा पावलांपलीकडचे झाड दिसायची मारामार, तिथे पक्षी कुठून दिसणार? म्हातारा ओठांचा चंबू करून शीळ घाली आणि पक्षी आपण होऊन जवळ येत. लोक त्याला आबा म्हणत.

आबांना एकच शिष्य होता. तोही आता काही कोवळा राहिला नव्हता. पोराबाळांचा बाप झाला होता. आबांचे गुडघे दुखू लागले तसा तो त्यांच्या पुढे चालू लागला. वाटेतल्या फांद्या बाजूला करणे, पाहुण्यांच्या पायांना जळवा लागल्या की तंबाखूचे पाणी लावणे, मोठ्याने बोलणाऱ्याला नुसत्या नजरेने गप्प करणे, ही सगळी कामे तो चोख करी. रानातल्या झाडून साऱ्या पक्ष्यांची शीळ आबांनी त्याला शिकवली होती. फक्त एक सोडून.

ती शीळ होती धुकेरीची. धुकेरी म्हणजे राखी रंगाचा, मुठीएवढा, दिसायला अगदी साधा पक्षी. पण त्याचे गाणे विलक्षण होते. नर अर्धे गाणे म्हणून थांबे आणि मादी ते पुरे करी. लहानपणी सरपणाला गेला असताना शिष्याने आबांना मादीचे ते उरलेले गाणे शीळ घालून पुरे करताना ऐकले होते, आणि तो राखी पक्षी त्यांच्या हाताच्या अंतरावर येऊन बसलेला पाहिला होता. त्या दिवसापासून त्याला वाटाड्या व्हायचे होते. पण अलीकडे आबा ती शीळ घालत नसत. का, म्हणून विचारले तर म्हणत, "ती आता आपली नाही," आणि वाट चालू लागत.

मांजराने वाघाला सगळे शिकवले, झाडावर चढणे तेवढे राखून ठेवले, ही गोष्ट शिष्यानेही ऐकली होती. आबा आपल्याशी हातचे राखतात, हे त्याच्या मनाने घेतले आणि त्याला ते फार लागले. मग तो धबधब्याशी जाऊन बसू लागला. पाण्याच्या आवाजात कोणाला काही ऐकू जात नसे. तिथे, केवळ आठवणीच्या आधाराने, ओठ सोलून निघेपर्यंत त्याने ती उरलेली शीळ घोटली. आबांनी आपल्याला एकदा तरी शाबास म्हणावे, यापलीकडे त्याला काही नको होते.

एके दिवशी सकाळी चार-पाच पाहुण्यांबरोबर एक वयस्क व्यापारी आला. तो पूर्वी सपत्नीक येऊन गेला होता. या खेपेला एकटाच होता. वाटेत भाकरी खायला बसले तेव्हा त्याने शिष्याला हळूच सांगितले की, पत्नीला जाऊन वर्ष झाले. तिने आयुष्यात मन लावून पक्षी असा एकच पाहिला, तो इथला धुकेरी, आबांनी बोलावलेला. आणि शेवटच्या आजारातही ती त्याची नक्कल करून नर्सला हसवीत असे. तो पक्षी पुन्हा एकदा दिसला तर बरे होईल, असे तो म्हणाला. आबांना विचारायचे मात्र त्याला धैर्य होत नव्हते.

दुपारी ते एका कड्याखाली पोहोचले. तिथे शेवाळाने मढलेली एक कपार होती. ढग इतका दाट उतरला होता की माणसे एकमेकांना सावलीसारखी दिसत होती. सगळे गप्प उभे असताना वरच्या झाडीतून धुकेरी बोलला. चढत जाणारे तीन स्वर, मग एक लांबलेला, आणि मध्येच थांबला. व्यापाऱ्याने डोळे मिटले. आबांनी मान खाली घातली आणि काठी टेकून पुढे निघण्याची खूण केली.

आणि शिष्याने शीळ घातली. उरलेले गाणे त्याने पुरे केले, एकही स्वर न चुकता.

झाडीत पंखांची फडफड झाली आणि धुकेरी खाली आला. समोरच्या दगडावर बसून त्याने पंख पसरले, मान तुकवली, पुन्हा अर्धे गाणे म्हटले. शिष्याने पुन्हा उत्तर दिले. तेव्हा त्या पक्ष्याने शेवाळाचा एक झुपका चोचीत धरला, कपारीत नेऊन ठेवला, आणि वळून शिष्याकडे पाहिले. मग दुसरा झुपका आणला. मग तिसरा. पाहुण्यांचे भान हरपले. व्यापाऱ्याच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि ते पुसायचेही त्याला सुचत नव्हते. शिष्याने आबांकडे पाहिले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ती शाबासकी आता मिळणारच, अशी त्याची खात्री होती.

आबा पुढे झाले. त्यांनी काठी कड्यावर दाणकन आपटली आणि हात उंचावून ओरडले. पक्षी दचकून धुक्यात नाहीसा झाला. मग त्या म्हाताऱ्याने, ज्याने आजवर वाटेतले कोळिष्टकही कधी तोडले नव्हते, कपारीत हात घालून ते शेवाळ खरवडून काढले आणि दरीत भिरकावून दिले.

कोणाला काही कळेना. शिष्याचा चेहरा पडला. एक पाहुणी रागावून म्हणाली, इतक्या लांबून आम्ही हे पाहायला आलो होतो का? आबा दगडावर बसले. थोडा वेळ त्यांना श्वासच पुरेना. मग शिष्याकडे पाहून ते बोलले.

"याची मादी जाऊन बरीच वर्षं झाली. ती गेल्यावर तिचं उत्तर मी देत राहिलो. लोक खूश व्हायचे, मलाही बरं वाटायचं. आणि हा यायचा, घरटं बांधायचा, त्याच्याशेजारी बसून राहायचा. खायचा नाही, हलायचा नाही. एका पावसाळ्यात तो मला याच कपारीखाली पडलेला सापडला. छातीचं हाड बोटांना लागत होतं. छातीशी धरून ऊब दिली, अळ्या भरवल्या, तेव्हा कुठे जगला. त्या दिवसापासून मी तोंड मिटलं."

शिष्याला रडू आवरेना. तो म्हणाला, "पण पलीकडच्या डोंगरांवर असेल ना एखादी?"

"सगळे डोंगर पालथे घातले मी. माझे गुडघे त्यातच गेले. नाही रे कुठे. हा शेवटचा आहे."

"मग आबा, उत्तर दिलं काय आणि न दिलं काय. त्याला कोण मिळणार आहे?"

"कोणीच नाही," आबा म्हणाले. "पण उत्तर आलं नाही की तो या झाडावरून त्या झाडावर जातो. तिथे हाक मारतो, चार किडे खातो, झोपतो, उद्या पुन्हा हाक मारतो. उत्तर आलं की तो थांबतो, आणि थांबला की मरतो. त्याला सोबतीण देणं माझ्या हातात नाही. खोटी सोबतीण न देणं, एवढंच आहे."

मग व्यापाऱ्याने रुमालाने चेहरा पुसला.

"माझ्या बायकोच्या आवाजात मला कोणी हाक मारली," तो म्हणाला, "तर मी असेन तिथून धावत येईन. आणि ती तिथे नाही हे पाहिल्यावर हाक मारणाऱ्याला कधी क्षमा करणार नाही."

तो हे शिष्याला बोलला नव्हता. स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. तरी शिष्याला वाटले, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे. त्याने आबांचे पाय धरले. माझे चुकले, म्हणाला. आबांनी त्याला उठवले, पण काही हरकत नाही असे ते म्हणाले नाहीत. हरकत होती.

"आबा, आता तो काय करील?"

"आता तो मागे येईल," आबा म्हणाले. "आज त्याला उत्तर मिळालंय ना."

ते उतरू लागले. पहिल्या वळणापर्यंत रान शांत होते. मग मागून ते अर्धे गाणे आले. शिष्य थबकला. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकलले. पुढच्या वळणावर पुन्हा ते गाणे आले, अधिक जवळून. पक्षी गाई, थांबे, वाट पाही, आणि उत्तर आले नाही की डोक्यावरच्या फांदीवर येऊन पुन्हा गाई. त्या थांबण्याएवढे अवघड शिष्याने आयुष्यात काही ऐकले नव्हते. उरलेले स्वर त्याच्या ओठांशी आपोआप येत होते. ते घोटून घोटून त्यानेच तिथे बसवले होते. त्याने गळ्यातले उपरणे तोंडात कोंबले. पाहुण्यांपैकी कोणी आता दुर्बीण वर करीत नव्हते. व्यापारी तर दोन्ही कानांवर हात ठेवून चालत होता.

"उद्यापासून लोकांना तू आण," आबा खालच्या आवाजात म्हणाले. "माझ्याच्याने आता होत नाही."

ज्या शब्दांसाठी त्याने जन्म काढला होता ते हेच होते. पण ते ऐकून त्याला जराही आनंद झाला नाही. त्याने तोंडातले उपरणे काढले नाही, नुसती मान हलवली. कारण रान जिथे संपत होते तिथल्या शेवटच्या झाडावर धुकेरी येऊन बसला होता, त्याने पुन्हा गाणे म्हटले होते, आणि आता तो थांबला होता.

जिचे उत्तर आपल्याला निभावता येणार नाही अशी साद कोणी दुःखी जीवाने घातली, तर गप्प राहणे हीदेखील दयाच असते. फक्त ती करणाऱ्याला तिचे सुख कधी मिळत नाही.