चाचांची पाठ

“…पण चाचा, हे काम माझंच आहे, हे मला कळायचं कधी?”

दस्तगीरचाचा भोपळ्यावर हात फिरवत होते. फिरवत राहिले. मिरजेतल्या त्यांच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात त्या सकाळी त्यांच्याशिवाय आणि श्रेणिकशिवाय कोणी नव्हतं.

श्रेणिकचा जीव टांगणीला लागला होता. घरच्यांचा विरोध पत्करून तो इथे शिकायला आला, तेव्हा ताठ मानेनं आला होता. आता वडिलांनी जयसिंगपुरात मामाच्या खताच्या दुकानात त्याची सोय लावली होती. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळव, असं बजावलं होतं.

“तुम्हीच सांगा चाचा. तुम्ही म्हणाल तसं करतो.”

चाचांनी भोपळा खाली ठेवला. कोपऱ्यातला एक जुना तंबोरा आणून श्रेणिकपुढे आडवा केला. तंबोरा गायिका वसुमतीबाईंचा होता, त्यांच्या गुरूंकडून आलेला. दुपारी त्या तो न्यायला येणार होत्या.

“जवारी लाव.”

तारा ज्या घोडीवर टेकतात, ती कानशीनं अशी घासायची की तार नुसती वाजू नये, झंकारावी. ही जवारी. कमी घासलं तर तार मुकी राहते, जास्त घासलं तर भणभणते, आणि घासून गेलेलं काही परत येत नाही. मागे एक घोडी श्रेणिकनं अशीच वाया घालवली होती. घासताना त्याचे डोळे चाचांच्या चेहऱ्यावर असायचे. चाचांची भुवई हलली की हात थांबायचा. त्या दिवशी चाचांचं लक्ष चहात होतं, भुवई हललीच नाही.

त्यानं कानस उचलली आणि सवयीनं वर पाहिलं.

चाचांनी आपला पाट फिरवला आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले.

“चाचा…?”

श्रेणिकला आधी राग आला, मग रडू फुटायचं बाकी राहिलं. पाठीला काही भुवया नसतात. शेवटी त्यानं तार छेडली. मुकी. जरासं घासलं, पुन्हा छेडली, तारेखालचा दोरा थोडा सरकवला. हळूहळू त्याला वडील आठवेनात, दुकान आठवेना, चाचाही आठवेनात. मग एकदा तार अशी बोलली की त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं कानस खाली ठेवली. त्याला कोणी थांबवलं नव्हतं.

वसुमतीबाई आल्या. गाण्यातलं मोठं नाव, जिभेला धार. चाचांच्या तऱ्हा त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होत्या, त्यामुळे चाचा पाठ करून का बसलेत, हे त्यांनी विचारलं नाही. डोळे मिटून बराच वेळ तारा छेडत राहिल्या.

“छान आहे. अजून जरा खुलव.”

बाईंच्या शब्दापुढे भलेभले माना डोलवायचे.

“नाही बाई,” श्रेणिक म्हणाला. “आता कानस लागली तर भणभणेल.”

“चाचांना विचार.”

“त्यांना कशाला? घासलंय मी.”

बाईंनी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा तारा छेडल्या. मग तंबोऱ्याला गवसणी घातली. निघताना त्यांनी चाचांच्या पाठीला नमस्कार केला, आणि वळून श्रेणिकलाही केला. एवढ्या मोठ्या बाईंचा नमस्कार कसा घ्यायचा ते त्याला कळेना, म्हणून तो नुसता उभा राहिला.

त्या गेल्यावर त्यानं वडिलांना फोन लावला.

“अण्णा, दुकानाला दुसरं कोणीतरी बघा. मी इथंच राहतो.”

फोन ठेवून त्यानं चटईवरचा भुसा झाडायला घेतला. सकाळी आपण काही विचारलं होतं, हेसुद्धा त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

भिंतीकडून आवाज आला.

“आता वळू का?”