साळुंकीला ठाऊक नसलेला कंद

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका; डोंगरांना अजून नावं पडायची होती, एवढं धरून चला.

एका दाट रानाच्या कडेला एक गाव होतं. शेती थोडी, रान फार. पोटाची सगळी भिस्त रानातल्या कंदांवर आणि पाल्यावर. पण रानात गोड उगवतं तसं जहरही उगवतं, म्हणून त्या गावाची एक रीत होती. पाऊस सरला की म्हाताऱ्या बायका पोरांना रानात न्यायच्या. अनोळखी कंद दिसला की आधी त्याचा वास घ्यायचा. मग त्याचा रस मनगटावर चोळायचा आणि सावली हातभर सरकेपर्यंत थांबायचं. आग झाली नाही तर ओठाला लावायचा, तिथंही काही झालं नाही तर जिभेच्या टोकाला. पोरं कुरकुरायची, हात खाजवायची, कधी ओकायचीसुद्धा. पण दहा वर्षांचं पोर रानात एकटं सोडलं, तरी पोट भरून घरी यायचं.

त्यातल्याच एका म्हातारीनं साळुंकी पाळली होती. ही साळुंकी बोलायची, आणि एकदा ऐकलेलं विसरायची नाही. तीन पिढ्यांच्या म्हाताऱ्या तिच्यासमोर बोलल्या, ते सारं तिच्यापाशी साठलं. पुढं पुढं तिच्यासमोर कुठलाही पाला धरा, ती म्हणायची, "खा." नाहीतर, "टाक." आणि कधी चुकली नाही हो! खोटं कशाला बोलू, पाखरू गुणाचं होतं.

मग काय विचारता! मनगटं कोण जाळून घेणार? पोरं साळुंकीकडे पळू लागली, पोरांमागून मोठी माणसं. नाचणी कधी पेरू, लेक कुठल्या घरी देऊ, आज भाजी रांधू की आमटी, सगळं साळुंकीला. एक बाई तर नवऱ्याशी भांडू का, हेही विचारून यायची. साळुंकी "थांब" म्हणाली की बिचारी मुकाट्यानं परत जायची!

बुधी तेव्हा लहान होती. रीत पाळणारी शेवटची म्हातारी मंगळी, तिनं एकदा बुधीचा हात धरला.

"चल गं माझ्याबरोबर रानात."

"कशाला आजी? साळुंकी आहे की!"

"अगं, साळुंकीला जे ठाऊक आहे ते आमच्या जिभांनी शिकवलंय. तुझ्या जिभेला काय येतं?"

बुधीनं म्हातारीला जीभ काढून दाखवली आणि पळाली. सगळे हसले. मंगळीसुद्धा हसली, आणि एकटीच रानात गेली. त्याच वर्षी ती वारली. तिच्यामागं कुणी त्या वाटेला गेलं नाही.

वर्षं गेली. बुधी मोठी झाली, लग्न झालं, आणि एक लेक पदरात टाकून नवरा देवाघरी गेला. लेकीचं नाव सोमी. पाच वर्षांची, बडबडी. बुधीला दुसरं होतं कोण?

मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. साळुंकीनं "खा" म्हटलेलं सगळं खाऊन संपलं. माणसं झाडांच्या साली चघळू लागली. सोमीचं बोलणं कमी झालं, मग चालणंही थांबलं. बुधी रोज तिला मांडीवर घेऊन बसायची आणि तिच्या काडीसारख्या हातावरून हात फिरवायची.

एके दिवशी ती कुणी जात नसलेल्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला गेली. तिथं सावलीत एक वेल होता. खणलं, तर खाली डोक्याएवढा कंद, आणि असे वेल डोंगरभर! बुधी रडत रडत पळत आली. तिनं कंद साळुंकीपुढं ठेवला. गाव गोळा झालं.

साळुंकीनं मान वाकडी केली. कंद खालून वरून पाहिला.

"ठाऊक नाही," ती म्हणाली.

असं ती कधी म्हणाली नव्हती. लोकांनी पुन्हा विचारलं, सात वेळा विचारलं. गावचा कारभारी चिडून ओरडला, "पाखरू माजलंय!" आपल्याला नाचता येत नव्हतं, म्हणून अंगण वाकडं झालं.

साळुंकी म्हणाली, "तुमच्या म्हाताऱ्या जेवढं सांगून गेल्या तेवढं मला येतं. त्यांच्यानंतर मला कुणी काही सांगितलंच नाही. तुम्ही नुसतं विचारत राहिलात."

तेव्हा बुधीनं विचारलं, "मग त्या म्हाताऱ्या नवा कंद कसा पारखायच्या, ते तरी सांग."

साळुंकीनं सांगितलं. वास, मनगट, ओठ, जिभेचं टोक. "पण हे मला नाही करता येणार," ती म्हणाली, "हे तुलाच करायला हवं."

कारभाऱ्याला कुठला धीर! त्यानं तिथंच एक फोड भाजून खाल्ली. तिन्हीसांजेला त्याचा घसा सुजला आणि पुढं चार दिवस त्याला बोलता आलं नाही.

बुधीनं रस मनगटावर चोळला. निखारा ठेवल्यासारखी आग झाली. जहर आहे, हे कळलं. पण पुढं काय करायचं? विचारायला कुणी नव्हतं. जन्मात पहिल्यांदा ती स्वतःशी विचार करत बसली. आग धुतल्यावर कमी होते, मग कंदाची आग धुऊन का जाणार नाही? तिनं कंदाचे पातळ काप केले, राख चोळली, टोपलीत भरले आणि झऱ्याच्या उरल्यासुरल्या धारेखाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी मनगट कमी जळलं, पण जळलं. सोमीनं टोपलीकडे बोट केलं. "आये, दे ना." बुधीचा हात पुढं गेला आणि मागं आला. चुकले तर? "अजून एक दिवस, बाळा, एकच दिवस," ती म्हणाली. काळजावर दगड ठेवून तिनं काप पुन्हा पाण्यात सोडले.

तिसऱ्या दिवशी मनगट गार राहिलं. मग ओठ, मग जीभ. सावली हातभर सरकली, काही झालं नाही. बुधीनं काप शिजवले, घासभर स्वतः खाऊन वाट पाहिली, आणि वाडगं घेऊन पळत घरात गेली.

सोमी गेलेली होती. अंग अजून कोमट होतं.

बुधी तिच्या उशाशी बसून राहिली. मग उठली आणि तेच वाडगं घेऊन शेजारच्या रुपीच्या दारात गेली. रुपीची दोन पोरं भिंतीला टेकून पडली होती. बुधीनं त्यांना घास घास भरवलं. त्या दिवसापासून गावातलं एकही पोर उपाशी मेलं नाही.

रुपी तिच्या गळ्यात पडून रडू लागली. "बुधे, तू गाव वाचवलंस गं!"

"नाही गं," बुधी म्हणाली. "तहान लागल्यावर विहीर खणायला बसले मी. दोन दिवसांचं शिकणं होतं. लहानपणीच शिकले असते, तर हा कंद दुष्काळाआधीच पारखून ठेवला असता, आणि माझी सोमी आज जेवली असती."

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: विचारून मिळालेलं उत्तर आजची वेळ भागवतं, पण स्वतः शिकलेलंच अडीअडचणीला वेळेवर धावून येतं.