चिंधाबाईचं गळकं टाकं

आंबळखोपीच्या डोंगरावर कातळात खोदलेली दोन टाकी आहेत. एक बारा महिने भरलेलं, पाणी इतकं निवळ की तळावरचे छिन्नीचे घाव मोजता यावेत. दुसरं त्याच्या शेजारीच, पुरुषभर खोल आणि ठणठणीत कोरडं. पाहुणे भरल्या टाक्याला हात जोडतात, फोटो काढतात. गावची माणसं मात्र कोरड्या टाक्यापुढं चपला काढतात. काहींना त्याचं हसू येतं. येऊ द्या. आधी ऐका, मग हसा.

फार मागे गावाला पाणी नव्हतं म्हणे. बायका दोन कोस उतरून नदीवर जायच्या. एका उन्हाळ्यात दोन पोटुशा बाया हंड्यासकट त्या चढावर पडल्या, त्या उठल्याच नाहीत. गाव उठवायची भाषा सुरू झाली. तेव्हा पाथरवटाची विधवा चिंधाबाई पुढं आली. नवऱ्याच्या हाताखाली छिन्नी धरायला शिकलेली बाई. तिनं डोंगराई देवीपुढं शब्द दिला, कातळात टाकं खोदीन, त्यात पाणी ठरेपर्यंत घरात पाठ टेकणार नाही. ती कातळावरच राहायला गेली. तिची नणंद मैना, नवऱ्यानं टाकलेली, रोज भाकरी घेऊन वर जायची.

पाथरवटाची एक रीत असते. घाव घालण्याआधी हातोड्याच्या पाठीनं दगड वाजवायचा आणि कान लावायचा. अखंड दगड घंटेसारखा खणखणतो, चिरलेला बद्द बोलतो. चौथ्या वर्षी एका कोपऱ्यात दगड बद्द बोलला. चिंधाबाईनं पुन्हा वाजवला. पुन्हा बद्द.

तिला कळलं. पण खाली गाव तिच्या पाया पडायला लागलं होतं. बायका जात्यावर तिचं नाव घेत होत्या. आता कोणत्या तोंडानं सांगायचं? तिनं त्या कोपऱ्याकडं पाठ केली आणि आणखी तीन वर्षं खोदत राहिली. वेडी कुठली!

सातव्या पावसाळ्यात टाकं काठोकाठ भरलं. ढोल वाजले, विधवा असूनही तिची खणानारळानं ओटी भरली. तिसऱ्या सकाळी टाक्यात पाणी नव्हतं, नुसता चिखल.

गावाला कुणीतरी धरायला लागतंच. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं विटाळ झाला. फिरत फिरत बोट मैनेवर आलं. टाकलेली बाई रोज वर जाते, तिच्या पायानंच पाणी गेलं. पाटलानं सांगितलं, "हिला शिवेबाहेर घाला."

चिंधाबाई चिखलात उतरली आणि चिरेवर हात ठेवला.

"नजर नाही न् विटाळ नाही. हा दगड चौथ्या वर्षीच बद्द बोलला होता. मी ऐकलं होतं."

"तीन वर्षं ठाऊक होतं तुला?" पाटील ओरडला.

"होय. तुम्ही पाया पडत होता, मला ते सोडवेना."

कुणी थुंकलं, कुणी शिव्या दिल्या, आणि सगळं गाव डोंगर उतरून गेलं. बोचकी बांधायलाच गेलं. मैना तेवढी राहिली.

"वयनी, गिळून बसायचं होतंस. मी काय, गेले असते कुठंतरी."

"गप गं. हातोडा दे इकडं."

चिंधाबाईनं कातळाला कान लावला. वीतवीत करत ती वाजवत सरकू लागली. ऊन चढलं, गुडघे सोलले, कानाची पाळी फुटली. बद्द. बद्द. दिवस मावळतीला टेकला तेव्हा फुकट गेलेल्या टाक्यापासून बारा हातांवर तिनं एक घाव मारला, आणि असं सांगतात की डोंगर वाजला. एका घावाला अख्खा डोंगर खणखणला. नदीपलीकडच्या गुरांनी माना वर केल्या, झाडावरची पाखरं उडाली, दळत्या बायांचे हात जात्यावरच थांबले. नाद हवेत इतका वेळ राहिला की बोचकी बांधणारी माणसं तशीच उठून डोंगर चढून आली, तरी तो ऐकू येत होता. पाटलानं वाकून दगडांची पहिली पाटी उचलली.

दुसरं टाकं तीन वर्षांत झालं. ते आजवर आटलेलं नाही.

लोक विचारतात, एवढ्याशा वाडीतनं इतकी माणसं पुढं कशी गेली? नर्सा झाल्या, इंजिनियर झाले, एकीनं शहरात तीन खानावळी काढल्या. कष्ट केले म्हणून, असं सांगून मोकळं होता येतं. पण कष्ट तर चिंधाबाईनं गळक्या टाक्यातही सात वर्षं केलेच होते.

आजही गावातलं कुणी परीक्षेला, नोकरीला, सासरला निघालं की आधी कोरड्या टाक्यात उतरतं आणि आपली एक चूक मोठ्यानं सांगतं. वरच्यांनी हसायचं नाही, टोकायचं नाही. गेल्या चैत्रात नव्या सरपंचबाई उतरल्या. सांगायची एकच असते, पण तिसरी सांगेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. एकही माणूस जागचा हलला नाही. सांगून झालं की वरचं कुणीतरी हात देऊन बाहेर ओढून घेतं. त्या टाक्याला पायऱ्या नाहीत.