दोन खऱ्या पायल्या

धान्य तोलत नव्हते, मापून घेत होते, त्या काळची गोष्ट. भिकूशेटच्या दुकानात दोन पायल्या होत्या, एक थोरली लाकडी, दुसरी धाकटी पितळी. खरी पायली कोण, यावरून दोघींचं रोज वाजायचं.

"राजाच्या हत्तीचा पाय मापून मला घडवलं, म्हणून मी पायली," थोरली म्हणे.

"चल! देवळाच्या पायरीवर माझ्यातून धान्य वाटायचे. नाव तिथून आलं," धाकटी फणकारे.

एकदा हौसाबाई ज्वारी विकायला आली. शेटने थोरली उचलली आणि शिगोशीग भरून मापली. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची रीत, तीही पाळली. "लाभ, दोन, तीन, चार पायल्या!"

मग तिने हरभरा मागितला. शेटने धाकटी उचलली आणि वरून हात फिरवून सपाट केली. "लाभ, दोन, तीन, चार पायल्या! घ्या वहिनी, माप म्हणजे आमचा देव."

"ऐकलंस? मला पायली म्हणाले!" दोघी एकदमच ओरडल्या. मग त्यांनी कोपऱ्यातल्या उंदराला विचारलं, "खरी कोण रे?"

"दोघीही खऱ्या," उंदीर सांडलेला दाणा कुरतडत म्हणाला. "शेटही खरे. चोर मी एकटाच, म्हणून तर सापळा माझ्यासाठी लावलाय."