कुत्र्याला हत्ती लागला

आईशप्पथ, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे आई म्हणते तिची शप्पथ घ्यायची नाही, तेव्हा ऐंशी टक्के धरा. मी काही तिथे नव्हतो.

एका जंगलात एक कावळा राहत असे, आणि त्याच्याच झाडाखाली त्याचा जिवलग दोस्त, एक लंगडा कुत्रा. त्या वर्षी तळं आटलं. सगळे डोंगरापलीकडच्या नदीवर जायला निघाले. लंगड्याला डोंगर चढवेना, म्हणून कावळ्याने हत्तीच्या पाया पडून त्याला पाठीवर जागा मिळवून दिली. हत्तीची अट एकच : पाठीवर कोणी ओकलं, तर असेल तिथे उतरायचं. वाटेत तरसांची खिंड होती. आणि काहींना गाडी लागते ना, तसा या कुत्र्याला हत्ती लागायचा.

म्हाताऱ्या कासवाने कावळ्याला बजावलं होतं, की सकाळपासून त्याला खायला देऊ नकोस, तोंड पुढे करून बसव, वाटेत दोनदा उतरवून वारा खाऊ दे. कावळा हो हो म्हणाला. पण निघायच्या वेळी शेजारीपाजारी गोळा झाले. उपाशी पाठवणं बरं दिसतं का? सशीणबाईंनी गाजर आणलं, घुबडाने उंदीर, अस्वलाने मधाचं पोळं. कुत्रा नको नको म्हणत होता.

"नको म्हणायची रीतच असते रे," कावळा म्हणाला. "माझ्यासाठी एवढा एक घास."

खिंडीत हत्ती डुलायला लागला. कासवाने सांगितलेले थांबे कावळ्याने रद्दच केले होते, दोस्त लवकर पोचावा म्हणून. कुत्रा जांभया द्यायला लागला, ओठ चाटायला लागला, तोंडातून लाळेची तार लागली. कावळ्याचा जीव कळवळला.

"बघ, कसं पाणी सुटलंय तोंडाला."

"भूक नाही रे ती," कुत्रा पुटपुटला.

"माझ्यापुढे कसला लाजतोस?" म्हणत कावळ्याने पोळ्याचा उरलेला तुकडा त्याच्या तोंडात कोंबला.

हत्तीला पाठीवर काहीतरी कोमट लागलं. तो चिडलाबिडला नाही. सोंडेने कुत्र्याला अलगद खाली ठेवलं आणि चालू लागला. तरस आले. त्यांनी आधी गाजर, उंदीर आणि पोळं साफ केलं, मग कुत्रा. कावळा वरून ओरडत राहिला. कावळ्याच्या ओरडण्याने तरस पानावरून उठत नाहीत.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवला. त्याला कावळा शिवायला हवा, आणि कावळा एकच होता. तो पिंडासमोर येऊन बसला, पण त्याची चोच उघडेना. उन्हं चढली. शेवटी सशीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "शिवत नाही. म्हणजे बिचारा उपाशीच गेला."

मग प्रत्येकाने पिंडावर आपापल्या घरचं आणखी थोडं थोडं वाढलं.

तात्पर्य : ज्याला प्रवास सोसत नाही, त्याला रिकाम्या पोटी, समोर बघत, थांबत थांबत न्यावं, आणि तो नको म्हणाला, तर नकोच समजावं.

झाली गोष्ट. आता प्रत्येकी एक आवळा काढा, मिठासकट. फुकट ऐकणाऱ्याला घाटात गाडी लागते.